मदत हवी आहे: डॅफ्निया खातच नाहीत!

नमस्कार मंडळी. मी पैठणचा, एम.एस्सी. प्राणीशास्त्राचा प्रकल्प चालू आहे. शेततळ्यावरच्या हिरव्या सायीतलं मायक्रोसिस्टिस (गुठळ्यांनी वाढणारे नीलहरित जिवाणू) डॅफ्नियांना (पाण्यातल्या पिसवेएवढ्या कवचधारी जिवांना) घातलं, तर दुसऱ्या दिवशी आतडी जवळजवळ रिकामी! क्लोरेलावर (एकपेशीय हिरव्या शैवालावर) मात्र गडी खूश. डॅफ्निया पाणी गाळून खातात, फारशी निवड करत नाहीत, त्यामुळे मोठ्या गुठळ्या गाळणीत अडकतात, हे कळतं. कोपेपॉड (पाण्यातलेच दुसरे चिमुकले कवचधारी) निदान चव बघून नको ते टाळतात. शिवाय मायक्रोसिस्टिसमध्ये मायक्रोसिस्टिनचं विष असू शकतं, आणि स्टेरॉल (वाढीला लागणारे मेदासारखे पदार्थ) नसल्यानं पोषणही कमीच.

अडलंय इथं: उपासमार विषामुळे की गुठळ्यांमुळे, हे वेगळं कसं काढू? बारीक जाळीतून गाळून सुट्या पेशी दिल्या तर चालेल का? बिनविषारी वाण कुठं मिळेल? सूक्ष्मदर्शक साधाच आहे, बजेटचं तर विचारूच नका.