‘श्वेई दी श छ्वान’ला मराठीत काय म्हणाल?

अनुवादवेडी: मुलांच्या अंकासाठी चिनी गोष्टी मराठीत आणतेय. त्यात हा चार अक्षरी वाक्प्रचार आला: पाणी ठिबकतं, दगडाला भोक पडतं. मी ‘थेंबे थेंबे तळे साचे’ लिहिलं. संपादकांनी खोडलं, म्हणे ती बचतीची म्हण. दुसरं काय चालेल?

खडूस: बरोबरच खोडलं. तळ्यात साठतं, इथे झिजतं. तुकोबा घ्या की: ‘दोरें चिरा कापे पडिला कांचणी’.

वाटसरू: दोर चिनीतही आहे! सोंग राजवटीत जांग योंग (९४६–१०१५) चोंगयांगला अधिकारी होता. खजिन्यातून निघालेल्या कारकुनाच्या डोक्याच्या फडक्याखाली एक नाणं सापडलं. फटक्यांचा हुकूम होताच कारकून उलटला, “एका नाण्यापायी फटके माराल, जीव थोडाच घ्याल?” जांगने निकाल लिहिला: रोज एक नाणं, हजार दिवसांत हजार, दोराने लाकूड कापतं, थेंबाने दगडाला भोक पडतं. आणि स्वतः तलवारीने मुंडकं उडवलं. चिकाटी चोराची, बरं का.

अनुवादवेडी: अरे देवा. हे मुलांना कसं सांगू?

खडूस: कल्पना त्याहून जुनी आहे. हान काळात मेई चेंगने वूच्या राजाला बंड करू नका म्हणून लिहिलं, त्यात हेच: पाणी म्हणजे दगडाचं गिरमिट नव्हे, दोर म्हणजे लाकडाची करवत नव्हे, हळूहळू झिजून तसं होतं. तिथेही धोक्याचाच इशारा.

शुद्धमराठी: इतकं कशाला? ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’. संपला विषय.

वाटसरू: वामन पंडितांचा अख्खा श्लोक वाचा. वाळूतून तेल निघेल एकवेळ, पण मूर्खाचं मन वळणार नाही, असं आहे ते. प्रयत्नाची थोरवी आपण चिकटवली.

शुद्धमराठी: मग मूळ अर्थच धरावा. शाळेच्या फळ्यावर लिहिलं म्हणून चूक बरोबर होत नाही.

वाटसरू: त्या न्यायाने चिनी लोकांनीही फक्त चोरांबद्दल बोलावं!

आडगावकर: तुकोबांच्या ओळीबद्दल. आमच्या आडाच्या दगडाला दोराने बोटभर खोल चऱ्या पडल्यात. आजी त्यांना ‘काच’ म्हणायची. ‘कांचणी’ त्यातलंच ना?

खडूस: हो, काचणे. नाडी काचते तसं.

शुद्धमराठी: काच म्हणजे घासणं. जी पडते ती खाच.

आडगावकर: आजी काचच म्हणायची.

अनुवादवेडी: अहो, अंक उद्या छापायला जातोय…

शुद्धमराठी: आडाला रहाट नव्हता का? रहाट असता तर दोर दगडाला लागलाच नसता.