जर्मन शेफर्डचे स्वादुपिंड काम करत नाही; खाण्याचे कसे सांभाळता?

मये_तळ्याकाठची

नमस्कार. आमचा राजा येत्या श्रावणात दोन वर्षांचा होईल. दिवाळीला त्याचे वजन २९ किलो होते, परवा काट्यावर २१ भरले. खातो मात्र चौघांचे. ताट चाटूनपुसून लख्ख करतो आणि लगेच पुन्हा ओट्याशी येऊन उभा राहतो. दिवसातून सहा-सात वेळा शी, पिवळट, तेलकट, भलामोठा ढीग. नजर चुकली की तीच खायला जातो. शेजारी बसले तर पोटातली गुडगुड ऐकू येते.

आधी जंताचे औषध झाले. मग गोचीड ताप म्हणून महिनाभर गोळ्या. चार महिने असेच गेले. रस्त्यावरून जाणारी माणसे विचारायची, "कुत्र्याला जेवायला घालत नाहीत काय?" मी आत जाऊन रडायचे. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त घेऊन टीएलआय, म्हणजे स्वादुपिंडाचे काम दाखवणारी तपासणी, करायला पाठवले. आकडा आला १.१. स्वादुपिंड अन्न पचवणारे एन्झाइम करतच नाही, म्हणाले. त्या एन्झाइमचीच पावडर लिहून दिली, जेवणात घालायला.

बारा दिवस झाले, फरक अगदी थोडा. सकाळी उकडा भात आणि चिकन, रात्री तेच. भात गरम असतानाच पावडर घालते, म्हणजे नीट विरघळते. पावडरीचा खर्च जबर आहे, मध्ये बाकी काही देत नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येतो तेव्हा तेवढा अर्धा पाव. तो जन्मापासूनचा लाड आहे. काय चुकते आहे? हा कुत्रा जगेल ना?

कुळागरकर_सावईवेरे

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. जगेल. आमची सोनी तिसऱ्या वर्षी अशीच हाडांचा सापळा झाली होती, १८ किलो. आता तिला नववे चालू आहे, ३१ किलो आहे आणि परवाच तिने माकडांना पोफळीवरून खाली उतरू दिले नाही.

टीएलआय २.५ च्या खाली म्हणजे निदान पक्के. निरोगी कुत्र्यात तो साधारण ५.७ ते ४५ असतो. तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. शेफर्डमध्ये हा आजार बहुतेक वेळा आईबापांकडूनच येतो. एन्झाइम करणाऱ्या पेशी हळूहळू झडून जातात, इन्शुलिनच्या पेशी मात्र राहतात, म्हणून साखरेचा त्रास सहसा होत नाही. तुमच्या हातून काही वाईट झालेले नाही. फक्त राजाची पिल्ले कधी घेऊ नका.

आता चूक. तुम्हीच लिहिली आहे, दोन ठिकाणी. पहिली, गरम भात. एन्झाइम हे प्रथिन आहे, गरमात ते मरते. तुम्ही महागडी पावडर रोज शिजवून टाकता आहात. भात बोट घालून बघा, कोमट म्हणजे अगदी अंगाइतका असला पाहिजे. मग पावडर घाला, थोडे पाणी घाला, सगळीकडे लागेल असे कालवा. पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवा आणि उघडून बघा: घट्ट कालवलेला भात सैल झालेला असतो, कडेने पाणी सुटते, चिकनचे धागे मऊ पडतात. पोटात जे व्हायला हवे ते भांड्यात सुरू झालेले असते. मिसळून लगेच दिले तरी चालते असे डॉक्टर सांगतात आणि ते खरे आहे. पण सोनीला कोरडी पावडर लागून हिरड्यांतून रक्त येत असे, ओले करून थांबायला लागल्यापासून बंद झाले. राजाच्या तोंडात बघत जा. पावडर हाताला चिकटली तर धुवा, नाकात जाऊ देऊ नका, माझ्या सुनेला त्याने शिंका आणि दम लागतो.

दुसरी चूक तो अर्धा पाव. ताई, हे जरा जोर देऊन सांगतो, कारण याच पावाने माझे सात महिने खाल्ले. एन्झाइम ज्या घासाला लागले तोच घास पचतो. सकाळी दिलेल्या पावडरीचा दहा वाजताच्या पावाला काही उपयोग नाही. तो पाव न पचता पुढे जातो, आतड्यातले जंतू त्याच्यावर वाढतात, वायू होतो, शी बिघडते आणि नीट कालवून दिलेल्या जेवणावरही पाणी पडते. आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, दहा वाजता माणसे न्याहारीला बसतात. सोनी प्रत्येकापाशी जाऊन बसायची, प्रत्येक जण मायेने एक तुकडा द्यायचा. मी डॉक्टर बदलले, पावडर वाढवली, तांदूळ बदलला, आणि माझ्या पाठीमागे रोज सहा तुकडे जात होते. माणसांना रागावून उपयोग झाला नाही. एका सकाळी सगळ्यांना गोठ्यामागे नेले आणि तिची शी दाखवली, त्यात पावाचे पांढरे तुकडे जसेच्या तसे होते. त्या दिवसापासून कोणी दिले नाही. उलट नवा माणूस कामावर आला की तेच त्याला पहिले सांगतात.

पोदेराला आजच सांगा. बोरांचा सडा, माशाचे काटे, मांजराची थाळी, सत्यनारायणाचा शिरा, सगळे यात आले. आम्ही चतुर्थीला तिला मागच्या खोलीत ठेवतो, कारण घरात पन्नास माणसे आणि पन्नास हात.

खाण्याचे म्हणाल तर उकडा तांदूळ सध्या बंद करा. त्याच्यावर कोंडा राहतो आणि या कुत्र्यांना चोथा नको असतो, चोथा एन्झाइमच्या आड येतो. साधा पांढरा तांदूळ मऊ शिजवा. नाचणी, भाजी, ओले खोबरेही नको. चिकन, अंडे चालते. तूप-तेल पूर्ण तोडायची गरज नाही, वजन वाढायला थोडी चरबी लागतेच. दोन मोठ्या जेवणांपेक्षा तीन लहान करा. घरच्याच जेवणावर कायम ठेवायचे असेल तर कॅल्शियम वगैरे डॉक्टरांकडून बसवून घ्या. मी वर्षभराने अर्धे जेवण पचायला हलक्या, कमी चोथ्याच्या तयार खाद्यावर आणले. पावडर सुरुवातीला दर जेवणाला दर १० किलो वजनामागे साधारण एक चहाचा चमचा असते, पण प्रत्येक पावडरीची ताकद वेगळी, तेव्हा डब्यावरचे आणि डॉक्टरांचे धरा. शी बांधली आणि वजन चढले की हळूहळू कमी करता येते. सोनीला आता पूर्वीच्या निम्मी लागते. पावसात डबा ओल धरतो, चमचा कोरडाच ठेवा.

आणि रक्तातले बी १२ जीवनसत्त्व तपासले का? या आजारात ते बहुतेकांचे खाली जाते, आणि ते खाली असेपर्यंत पावडर कितीही चांगली असली तरी अंगाला काही लागत नाही. सोनीला आठवड्याला एक अशी सहा इंजेक्शने झाली, मग महिन्याने एक. लालभडक रंगाचे औषध असते ते. बी कॉम्प्लेक्सचे इंजेक्शन घेऊन काम भागवू नका, त्यात बी १२ अगदी कमी असते आणि टोचल्यावर दुखते फार.

औषधवाला_म्हापसा

काकांनी सगळे सांगितले, एकच जोडतो. पावडर महाग म्हणून पुष्कळ जण माणसांच्या पॅन्क्रिआटिनच्या, म्हणजे याच एन्झाइमच्या, कॅप्सूल नेतात. त्यातल्या दाण्यांवर आवरण असते, ते जठरात न विरघळता पुढे जाण्यासाठी. कुत्र्यात त्यांचा परिणाम साध्या पावडरीपेक्षा बहुधा कमी पडतो. घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या, आणि दाणे खलबत्त्यात कुटू नका.

पेडण्याची_नीता

माझ्या कॉलीला तीन वर्षे बकऱ्याचे कच्चे स्वादुपिंड घालते, पावडर परवडेना म्हणून. २० किलोच्या कुत्र्याला एका जेवणाला ३० ते ९० ग्रॅम असे डॉक्टरांनी सांगितले होते, आम्हाला ६० पुरते. खाटकाला नाव कळत नाही. जठराला लागून आतड्याचे पहिले वळण असते, त्याच्या कुशीत फिकट गुलाबी, दाणेदार, लांबट पट्टी असते, ती दाखवून मागावी लागली. शिजवायचे नाही, बारीक चिरून एकेका जेवणाच्या पिशव्या करून फ्रीजरमध्ये. डुकराचे कच्चे मात्र आणू नका, त्यातून कुत्र्याला जीवघेणा रोग लागू शकतो. सुरी, पाट, हात साबणाने धुवायचे, घरात लहान मूल असेल तर जास्तच. आणि थोडी पावडर घरात ठेवाच. गेल्या जूनमध्ये दोन दिवस वीज नव्हती, वीस पिशव्या पुरून टाकाव्या लागल्या.

मये_तळ्याकाठची

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, सगळ्यांचे आभार. बी १२ खरेच खूप खाली होते, चार इंजेक्शने झाली. भात थाळीत पसरून पंख्याखाली निववते. पाव बंद केला त्या दिवशी राजा पोदेराच्या सायकलमागे वळणापर्यंत गेला आणि तिथेच बसून राहिला, मला बघवले नाही. आता पोदेर लांबूनच भोंपू वाजवतो आणि मी राजाला आत घेते.

काल वजन केले, २३.६. शी दिवसाला तीनदा, तपकिरी, उचलता येते अशी. पाठीवर हात फिरवला तर मणके अजून लागतात, पण केस पुन्हा मऊ झाले आहेत. काका, एकच विचारायचे होते. गुडगुड आणि वायू अजून आहे, तो जातो का?

कुळागरकर_सावईवेरे

जातो, ताई. वेळ लागतो. आतड्यात वाढलेले जंतू लगेच हटत नाहीत. सोनीला तीन महिने लागले आणि मध्ये डॉक्टरांनी काही आठवडे टायलोसिन हे अँटिबायोटिक दिले होते. ते आपल्या मनाने सुरू करू नका. सहा इंजेक्शने पूर्ण झाली की महिन्याने सातवे द्या, त्यानंतर महिन्याने बी १२ परत तपासून घ्या, आणि आकडा इथे लिहा. २३.६ वाचून सोनीच्या डोक्यावर हात फिरवून आलो.