खाडीकाठच्या चिखलात वाळूचा थर लागलाय, जुन्या त्सुनामीचा असेल का?

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, समुद्रातलं फारसं कळत नाही पण गाळ चांगला ओळखीचा आहे, २०१९ च्या पुरात घरात छातीएवढं पाणी होतं आणि ओसरल्यावर आठवडाभर आम्ही खोऱ्यानं गाळच ओढत होतो. तर मावशीचं घर दापोली तालुक्यात खाडीच्या कडेला आहे, मे महिन्यात तिथं नारळाला खड्डे मारताना तीनेक फुटावर काळ्या चिखलात मधेच वीतभर वाळू लागली, शिंपल्यांचे तुकडे असलेली, आणि वर परत काळा चिखल. काका म्हणतात जुनी त्सुनामी, शेजारी म्हणतात वादळ. कसं ओळखायचं?

खडकवेडी (सातारा)
दादा, एवढ्यावरनं हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण. मी भूशास्त्र शिकवते, मुलांना हेच सांगते की एका खुणेवर जाऊ नका. आधी थराचा तळ बघा. त्सुनामी येताना खालचा चिखल खरवडत येते, त्यामुळं वाळू-चिखलाची रेघ सुरीनं कापल्यासारखी असते आणि वाळूत त्याच काळ्या चिखलाचे गोळे अडकलेले सापडतात. मग भरड वाळू खाली, बारीक वर, आणि पाणी थांबल्यावर बसलेला पातळ गाळ सगळ्यात वर. वादळात लाटा तासन्‌तास आपटत राहतात म्हणून कागदासारखे पातळ पातळ पदर दिसतात, त्सुनामीत मोठ्या लाटा मोजक्याच, म्हणून पदरही थोडे. पण हे फरक दर वेळी इतके स्वच्छ दिसत नाहीत.

खरा पुरावा थर किती आत जातो त्यात आहे. वादळाची वाळू बहुतेक किनाऱ्याजवळच संपते. जपानात सेंदाईच्या मैदानात इसवी सन ८६९ च्या जोगान त्सुनामीची वाळू काही किलोमीटर आत सापडली होती, आणि तीही २०११ च्या मोठ्या त्सुनामीच्या आधीच! म्हणून एक खड्डा पुरत नाही, किनाऱ्यापासून आत आत जाणाऱ्या रेषेत पाच-सहा तरी हवेत.

कृष्णाकाठ
ताई, फार छान सांगितलंत. आमच्याकडं पण पुराचा गाळ असाच बसतो, खाली रेताड आणि वर लोण्यासारखा पोयटा. मग खाडीला नदीचा पूर येऊन ती वाळू बसली असेल तर?

खडकवेडी
एकदम बरोबर शंका. त्यासाठी वाळू मायक्रोस्कोपखाली बघतात. फोरॅमिनिफेरा आणि डायटम म्हणजे अगदी बारीक जीव, त्यांची कवचं गोड्या पाण्यातली का खोल समुद्रातली ते ओळखता येतं. नदीच्या पुरात समुद्रातली कवचं कुठनं येणार? पण खाडीत भरतीचं पाणी रोजच येतं, म्हणून वरच्या-खालच्या चिखलातली कवचं पण सोबत तपासायची, फरक त्यातनंच कळतो.

घाटमाथा (वाई)
थोडी भर घालतो. वयाचं फार जपून करा. शिंपला थर बसायच्या कितीतरी आधी मेलेला असू शकतो, त्याचं कार्बन वय (त्यातल्या कार्बनवरनं काढलेलं वय) काढलं तर थर आहे त्यापेक्षा जुना ठरतो. थराच्या लगेच खालचं पान, बी, गवताची काडी मिळाली तर ती द्या. वाळूच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला हे मोजायची पण पद्धत आहे, पण नमुना काळोखात काढावा लागतो, अपारदर्शक पाइप ठोकून.

थायलंडच्या फ्रा थाँग बेटावर २००४ च्या त्सुनामीच्या वाळूखाली तशीच जुनी वाळू निघाली, त्यातली एक साधारण ५५० ते ७०० वर्षांपूर्वीची. म्हणजे तिथं कुणाच्या आठवणीत नव्हतं, जमिनीच्या होतं. तुमच्या दापोलीतच केळशीला वाळूच्या टेकाडात शिंपल्यांचा थर आहे, काही संशोधक त्याचा संबंध १५२४ च्या त्सुनामीशी लावतात, त्या वर्षी दाभोळजवळ वास्को द गामाच्या जहाजांना समुद्रात भूकंपाचा धक्का बसला होता. त्यामुळं काकांचं म्हणणं उडवून लावू नका.

कृष्णाकाठ
अंगावर काटा आला वाचून. खड्डा तर बुजवलाय, पण दिवाळीत जातोय तेव्हा घरापासनं आतल्या बाजूला एका रेषेत पाच-सहा खड्डे मारतो, बाजू थापीनं तासून पट्टी ठेवून फोटो टाकतो. ताई, नमुना किती घेऊ?

खडकवेडी
प्रत्येक थराचा मूठभर, वेगवेगळ्या पिशवीत, वर-खाली लिहून. धुवू नका.