लाकडाच्या लेथला टेलस्टॉकच्या बाजूने इमर्जन्सी स्टॉप कसा जोडावा?

भुसा_आणि_छिलके:
मंडळी, १ एचपी सिंगल फेज मोटर, बेल्ट-पुलीचा लेथ आहे. चालू-बंदचा टॉगल हेडस्टॉकच्या (लाकूड फिरवणारं टोक) डावीकडे. मोठा वाडगा कोरताना काही बिनसलं तर फिरत्या लाकडासमोरून हात न्यावा लागतो. टेलस्टॉककडे (लाकडाला दुसऱ्या बाजूने आधार देणारं टोक) लाल मशरूम बटण, म्हणजे दाबलं की अडकून राहणारं मोठं स्टॉप बटण, लावायचंय. टॉगलच्या फेज वायरमध्येच सीरिजला टाकलं तर चालेल? की वायरलेस रिमोटचा रिले घ्यावा?

वायरमन४१५:
दोन्ही नको. मशरूमच्या कॉन्टॅक्ट ब्लॉकवरचा १० अँपिअर हा आकडा हीटरसारख्या लोडचा असतो. २३० व्होल्टला कॉइलसारख्या लोडसाठी तो साधारण ३ अँपिअरचाच धरा. तुमची मोटर चालतानाच ६-७ अँपिअर घेईल, सुरू होताना कितीतरी पट. कॉन्टॅक्ट चिकटला की बटण दाबूनही लेथ फिरतच राहणार. त्याहून वाईट म्हणजे मशरूम पिळून सोडलं की टॉगल चालूच असल्याने लेथ आपोआप सुरू होईल. लाइट जाऊन आली तरी तेच.

सिंगल फेज डीओएल स्टार्टर (मोटर थेट सप्लायला जोडणारी स्टार्ट-स्टॉप बटणांची पेटी) घ्या. त्यातला कॉन्टॅक्टर म्हणजे कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच. कॉइल २३० व्होल्टची आहे ना, ते दुकानातच बघा; पंपाचा ४१५ वाला गळ्यात मारला तर तो नीट ओढणार नाही, नुसता थरथरेल. ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट घेतला की बंद करणारा) मोटरच्या प्लेटवरच्या अँपिअरवर लावा. रिले तीन पोलचा असेल तर करंट तिन्ही पोलांतून फिरवून आणा, नाहीतर फेज गेला समजून तो उगाच ट्रिप होतो.

कंट्रोलची वायरिंग: कॉन्टॅक्टरच्या आधीची फेज, मशरूमचा एनसी (एरवी जोडलेला, दाबल्यावर उघडणारा कॉन्टॅक्ट), स्टार्टरचा स्टॉप, स्टार्ट (त्याला पॅरलल कॉन्टॅक्टरचा एनओ, म्हणजे एरवी उघडा असलेला कॉन्टॅक्ट), कॉइलचा ए१ (ए१, ए२ ही कॉइलची दोन टोकं). ए२ पासून ओव्हरलोडच्या ९५-९६ (त्याचा एनसी) मधून न्यूट्रल. तयार स्टार्टरच्या झाकणात आकृती चिकटवलेली असते, आतली जोडणी तिच्याशी ताडून बघा. मशरूम फेजकडेच हवं. न्यूट्रलकडे टाकलं आणि केबल चेपून कॉइलकडची वायर बॉडीला लागली, तर कॉइलला अर्थमधून रस्ता मिळू शकतो आणि बटण बिनकामाचं होतं.

केबल ०.७५ चौ. मिमी, तीन कोर, लवचीक. कॉइलचा करंट नगण्य असतो, जाड केबल लागत नाही. तिसरी कोर धातूच्या डबीच्या अर्थिंगला. वायरलेसचा सेल कधी उतरला ते ऐनवेळीच कळतं. एनसीची वायर तुटली तर लेथ बंद पडतो, आणि तेच हवं.

शिसव_कोरीव:
व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असणाऱ्यांसाठी: ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्विच टाकून चालू लेथ तोडू नका, ड्राइव्हचं आउटपुट उडू शकतं. मशरूमचा एनसी कंट्रोल टर्मिनलला जोडा आणि त्या टर्मिनलला ‘एक्स्टर्नल फॉल्ट’, एनसी, फ्री रन (ड्राइव्हने सोडून मोटर आपोआप थांबू देणं) अशी सेटिंग द्या. ही केबल शील्डेड घ्या आणि मोटर केबलपासून लांब न्या, नाहीतर अधूनमधून खोटे फॉल्ट येत राहतात. फॉल्ट रीसेट केल्यावर रनचा स्विच चालूच असेल तर काही ड्राइव्ह लगेच धावतात. म्हणून रन-स्टॉप तीन वायरच्या, दाबून सोडायच्या पुश बटणावर घ्या. झाकण उघडण्याआधी सप्लाय काढून कॅपॅसिटर उतरायला किमान १० मिनिटं द्या.

भुसा_आणि_छिलके:
डीओएलच घेतो. पण जड गठ्ठा बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतो. ब्रेक लावावा का?

वायरमन४१५:
थ्रेडचा स्पिंडल (आटे असलेला फिरता दांडा) असेल तर जोरात ब्रेक नकोच. स्पिंडल थांबतो, पण लाकूड आणि चक (लाकूड पकडणारा भाग) पुढे फिरायला बघतात. चक थ्रेडवरून सुटून वाडग्यासकट अंगावर येईल. चकला ग्रब स्क्रू (चक स्पिंडलवर अडकवून ठेवणारा छोटा स्क्रू) असेल तर घट्ट करा, पण त्याच्या भरवशावर ब्रेक वाढवू नका. बटण दाबा, मागे सरका, थांबू द्या.

शिसव_कोरीव:
जागेबद्दल: मशरूमची डबी चुंबकावर बसवली की बेडवर हवी तिथे सरकवता येते, फक्त केबल बेल्टकडे जाणार नाही अशी बांधा. लाकूड ज्या रेषेत उडेल तिथे डबी नको, टेलस्टॉकच्या टोकाला कमरेच्या उंचीवर ठेवा. डबी आयपी६५ (धूळ आत न जाऊ देणारी) घ्या आणि केबल ग्लँड घट्ट आवळा; बारीक भुसा आत शिरला की बटण अडकतं.

तपासणी लाकूड न लावता. एमसीबी बंद करून मशरूमची एक वायर काढा आणि उघडं टोक टेपने झाका. मग एमसीबी चालू करून स्टार्ट दाबा: लेथ फिरला तर जोडणी चुकली. वायर परत लावल्यावर चालू लेथचा एमसीबी पाडून पुन्हा चढवा. स्टार्ट न दाबता फिरला तर स्टार्टच्या पॅरलल एनओऐवजी एनसी लागलाय किंवा स्टार्ट शॉर्ट झालाय.