मदत हवी आहे: दहावीच्या मुलांकडून इंग्रजीतील विशेषण वाक्यांचा सराव कसा करून घ्यावा?

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते आणि संध्याकाळी घरी दहावीच्या नऊ मुलांना इंग्रजी शिकवते. सगळी मुले मराठी माध्यमाची आहेत. निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते आणि बहुतेकांचे पालक यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत.

माझी अडचण 'ॲडजेक्टिव्ह क्लॉज'ची, म्हणजे नामाविषयी अधिक सांगणाऱ्या विशेषण वाक्याची आहे. 'हू, विच किंवा हूज वापरून दोन वाक्ये जोडा' असा प्रश्न दिला की मुले दहापैकी नऊ वाक्ये बरोबर लिहितात. मात्र त्याच मुलांना स्वतःच्या घराविषयी दहा ओळी लिहायला सांगितल्या की त्यांत एकही विशेषण वाक्य सापडत नाही. 'आय हॅव ॲन अंकल. ही वर्क्स इन अ मिल. द मिल मेक्स टॉवेल्स.' अशी तुटक वाक्ये येतात. जे व्याकरणाच्या वहीत जमते ते लिखाणात का उतरत नाही, हे मला कळत नाही.

बोलताना वेगळीच चूक होते. 'विच चादर माय फादर वोव्ह, दॅट इज रेड' असे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. त्याचे मूळ मराठीत असावे असे मला वाटते, कारण 'जी चादर वडिलांनी विणली ती लाल आहे' या वाक्यात गौण वाक्य आधी येते आणि 'जी'ला पुढे 'ती'ची जोड लागते. इंग्रजीत नाम आधी, त्याला चिकटून 'विच', आणि 'ती'साठी वेगळा शब्दच नाही. 'वडिलांनी विणलेली चादर' ही आपली दुसरी रचना तर मुलांच्या त्याहून सवयीची, आणि तिच्यातही नाम शेवटी येते. तेलुगूतही असे धातुसाधित विशेषण नामाच्या आधीच येते. त्यामुळे काही मुले 'माय फादर वोव्ह चादर' असेही म्हणतात. मराठी वाक्य शेजारी मांडून हा फरक दाखवावा, की मराठी पूर्ण बाजूला ठेवावी?

शिवाय स्वल्पविराम कधी द्यायचा, हे मला नियम म्हणून सांगता येते. पण मुलांच्या मनात ते ठसत नाही. अनुभवी शिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ताई, मी तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले, त्या अनुभवातून लिहितो. वाक्ये जोडण्याच्या प्रश्नात कोणती दोन वाक्ये जोडायची, हे आपणच ठरवून दिलेले असते. मुलाला फक्त सांधा बसवायचा असतो. विशेषण वाक्याची गरज कुठे आहे, हे त्याला शोधावे लागत नाही. म्हणून आधी ती गरज निर्माण करावी. एका मुलाने वर्गातील कोणीतरी मनात धरावे आणि एकाच वाक्यात ओळख द्यावी: 'आय ॲम थिंकिंग ऑफ द गर्ल हू इज सिटिंग निअर द विंडो.' खिडकीजवळ दोन मुली असतील तर 'कोणती?' असा प्रश्न उठेल आणि त्याला आणखी एक विशेषण वाक्य जोडावे लागेल. 'कोणती?' या प्रश्नाचे उत्तर म्हणजे विशेषण वाक्य, हे मुलांना व्याख्येपेक्षा या खेळातून लवकर उमगते.

सुरुवातीचे काही दिवस विशेषण वाक्य शेवटीच ठेवावे: 'आय नो अ मॅन हू रिपेअर्स लूम्स.' ते मध्ये आले की मुख्य कर्ता आणि क्रियापद दूर जातात व मुले गोंधळतात. ही घडी बसल्यावर त्यांच्याच दहा ओळी परत द्याव्यात. आपण दिलेली तीन वाक्ये 'आय हॅव ॲन अंकल हू वर्क्स इन अ मिल दॅट मेक्स टॉवेल्स' अशी एक होतात, आणि ती मुलाने स्वतः करावीत.

मराठी बाजूला ठेवू नये. फळ्यावर 'जी' आणि 'ती' यांना एकाच रंगाने वर्तुळ करा आणि इंग्रजी वाक्यात 'ती'ची जागा रिकामी दाखवा.

स्वल्पविरामासाठी सोलापूरचेच उदाहरण घ्या. 'डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस, हू वॉज बॉर्न इन सोलापूर, वेंट टू चायना इन १९३८.' कोटणीस कोण हे नावातूनच कळते, म्हणून जन्माची माहिती जादाची आणि स्वल्पविराम हवेत. शिवाय तिथे 'हू'ऐवजी 'दॅट' चालत नाही. याउलट 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे' असे लिहिले तर मला आणखी भाऊ आहेत असा अर्थ निघतो, आणि स्वल्पविराम दिले तर एकच भाऊ आहे असा. हा फरक मुलांना त्यांच्या स्वतःच्या भावंडांवर करून पाहू द्या.