सोसायटीतला फ्लूच्या लसीचा कॅम्प: घ्यावी का तिथे?

निशिगंध_घोडबंदर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून महाभारत चालू आहे म्हणून इथे विचारते. रविवारी क्लबहाउसमध्ये फ्लूच्या लसीचा कॅम्प आहे, माणशी १४०० रुपये, कुठलीतरी एजन्सी येणारे, कमिटीने परस्पर ठरवून टाकलंय. सासूबाई ७१ च्या, शुगर आहे, मागच्या गणपतीत असा काही ताप-खोकला धरला की विसर्जनाला गॅलरीतूनच हात जोडले बिचारीने आणि पुढे दीड महिना जिना चढताना दम लागत होता. त्यामुळे लस द्यायचीच आहे, तो प्रश्नच नाही. पण टेबल टेनिसच्या टेबलावर चादर टाकून द्यायची गोष्ट आहे का ही? माझं म्हणणं, बाळांचे डोस जसे आरोग्य केंद्रात मिळतात तशी म्हाताऱ्यांना ही पण तिथेच मिळायला हवी, आणि तीही पावसाळ्याच्या आधी. तुम्हाला काय वाटतं?

बारक्या_कळवेकर
घ्या अजून टोचून. कोविडला दोन झाले, मग प्रिकॉशन डोस झाला, आता हे. गोवरची लस लहानपणी घेतली की विषय संपला, ही दरवर्षी घ्यायची म्हणजे लस आहे की मोबाईलचा रिचार्ज? फ्लू म्हणजे चार दिवस ताप, पेज खायची आणि पडून राहायचं. आणि ॲस्ट्राझेनेकाने, म्हणजे आपल्या कोविशिल्डच्या मूळ कंपनीने, २०२४ मध्ये इंग्लंडच्या कोर्टात रक्ताच्या गाठींचं मान्य केलं तेव्हा एक तरी डॉक्टर बोलला का? तेव्हा सगळे गप्प.

सिस्टर_नेरूळ
बारक्याभाऊ, गाठींचं खोटं नाहीये, पण फार म्हणजे फारच क्वचित होणारी गोष्ट, आणि झाली तर डोसनंतर पहिल्या काही आठवड्यांत, चार वर्षांनी नव्हे. शिवाय ती लस वेगळ्या पद्धतीची होती. फ्लूची ही मेलेल्या व्हायरसची, बहुतेक अंड्यात वाढवलेल्या, त्यामुळे लसीने फ्लू होत नाही, हात दुखतो आणि एखाददिवस कणकण येते एवढंच.

दरवर्षी का, तर हा व्हायरस बहुरूपी आहे, सारखा थोडा थोडा वेष बदलत राहतो. म्हणून डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा सांगते की लसीत व्हायरसचे कुठले स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, घालायचे, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण. गंमत बघा, बी यामागाता नावाचा एक प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे सापडलाच नाही, म्हणून आता चारऐवजी तीनच स्ट्रेन पुरेत असं त्यांचं म्हणणं आहे. आपण नकाशात उत्तरेला, पण आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, म्हणून बरेच डॉक्टर दक्षिणेची लस मे-जूनमध्येच देतात. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन आठवडे लागतात, त्यामुळे गणपतीच्या आदल्या दिवशी टोचून काही उपयोग नाही.

आणि शंभर टक्के संरक्षण मिळतं असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका. लस व्हायरसशी चांगली जुळलेल्या वर्षीसुद्धा साधारण ४० ते ६० टक्के. पण ७१ वर्षांच्या शुगरवाल्या बाईला ॲडमिट व्हायची वेळ टळली तर तेवढं पुष्कळ आहे.

अवलिया७१
मी नौपाड्यातला, स्वतः ज्येष्ठ, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. निशिगंधताई, तुमची शंका रास्त आहे. २०२१ ला कांदिवलीच्या एका सोसायटीत कोविडच्या लसीच्या कॅम्पला काय झालं होतं आठवतं का, पैसे घेतले, टोचलं आणि नंतर सर्टिफिकेटं आली ती भलत्याच हॉस्पिटलांच्या नावाने, कुणाला ताप नाही की हात दुखला नाही म्हणून लोकांना संशय आला. तेव्हापासून मी क्लबहाउसात फक्त हळदीकुंकवाला आलेल्या मंडळींसाठी खुर्च्या लावायला जातो.

आमची मुलगी इंग्लंडमध्ये आहे, तिच्या सासऱ्यांना कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे एका दंडावर फ्लूची आणि दुसऱ्यावर कोविडची, पाच मिनिटांत मोकळे. फ्लूची ६५ च्या पुढे सगळ्यांना फुकट, कोविडची मात्र आता ७५ च्या पुढे. म्हणजे तिथेही सरसकट देत नाहीत हो, बारक्याराव.

खाडीपलीकडचा
मी उलट बाजूने बोलतो. आरोग्य केंद्र आरोग्य केंद्र काय लावलंय, ते उघडं असतं तेव्हा मी महाप्यात असतो आणि बाबांना एकट्याला रिक्षात बसवून पाठवू? त्यांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा जुना दमाचा आजार, आहे, कोपरखैरण्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, मागच्या वर्षी खालच्या हॉलमध्ये कॅम्प लागला म्हणून तर त्यांची लस झाली नाहीतर राहिलीच असती. बोगस एक निघाला म्हणून सगळे कॅम्प बंद करायचे तर मग बोगस डॉक्टर पण सापडतात, दवाखाने बंद करायचे का? १४०० जास्त आहेत हे मान्य.

बारक्या_कळवेकर
म्हणजे शेवटी धंदाच ना. कोविडची का नाही देत मग कॅम्पमध्ये?

खाडीपलीकडचा
देणार कुठून, सिरमने कोविशिल्ड बनवायचं डिसेंबर २०२१ लाच थांबवलं. आणि धंदा आहेच की, पाववाला पण धंदाच करतो.

सिस्टर_नेरूळ
कॅम्प वाईट नसतो, बेफिकीर कॅम्प वाईट. जायच्या आधी चार गोष्टी विचारा: कुठल्या रजिस्टर्ड हॉस्पिटलचा आहे, डॉक्टर शेवटपर्यंत बसणार का, लस २ ते ८ डिग्रीत कशी आणणार, आणि रिअॅक्शन आली तर अॅड्रेनालिनचं इंजेक्शन जवळ आहे का. टोचल्यावर १५ मिनिटं तरी तिथेच बसवायला हवं. बॉक्स स्वतः वाचा, त्यावर सीझन आणि एक्सपायरी छापलेली असते. आणि ताई, महाराष्ट्रात २०१५ पासून गरोदर बायका आणि बीपी-शुगरवाल्यांना सरकारी फ्लूची लस फुकट द्यायची सोय आहे, साठा असेल तेव्हा. जाऊन विचारा.

निशिगंध_घोडबंदर
अपडेट देते. ग्रुपवर हे चारही प्रश्न टाकले, सेक्रेटरींनी उत्तर म्हणून हात जोडलेला इमोजी टाकला. मग दुसऱ्या विंगमधल्या एका काकांनी एजन्सीकडून बॉक्सचा फोटो मागवून घेतला तर लस मागच्या सीझनची आणि एक्सपायरी पुढच्याच महिन्यात! आमची नावं काढली. केंद्रात गेले तर साठा यायचाय म्हणाल्या, पण त्यांनी सासूबाईंचं नाव आणि नंबर लिहून घेतला आणि हे नीट सांगितलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ढग भरून आलेत, किती थांबणार? आमच्या डॉक्टरांनी केमिस्टकडून नवीन सीझनची मागवून आणा, मी टोचतो म्हटलंय. खाडीपलीकडचे, तुमचा मुद्दा पटला, पण आमच्या कमिटीवर नाही सोडणार मी हे.

सिस्टर_नेरूळ
बर्फाच्या पॅकमध्ये आणा पण लस बर्फाला चिकटू देऊ नका. गोठली की वाया, परत वितळवून चालत नाही. एखादी रात्र घरी ठेवावी लागली तर फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दारात नको.

अवलिया७१
दारात आमच्याकडे १९९८ पासून इनो आहे, जागाच नाही.

निशिगंध_घोडबंदर
सासूबाई विचारतायत कुठल्या हातावर, उजव्याने त्या पोळ्या लाटतात.

सिस्टर_नेरूळ
डाव्या. आणि दोन दिवस पोळ्या तुम्ही लाटा.