आधी घरातलं संपवायचं, मग नवीन आणायचं

प्रश्न: कपाट आवरायला घेतलं आणि अर्धवट वापरलेल्या बाटल्यांची रांगच लागली. तळाशी राहिलेला शाम्पू, साबणाचे पातळ तुकडे, पिळून सपाट झालेल्या टूथपेस्ट. हे संपेपर्यंत नवीन काही आणायचं नाही, असं मी ठरवलंय. पैसे मोजून आणलेली वस्तू फेकून देणं मला मनापासून पटत नाही. तुम्ही कसं संपवता?

उत्तर १: टूथपेस्टची ट्यूब मधोमध कापा. आत कडेला बरीच पेस्ट चिकटलेली असते. मग एक तुकडा दुसऱ्यावर टोपीसारखा सरकवून ठेवायचा, म्हणजे ती वाळत नाही. साबणाचा तुकडा आणि नवी वडी दोन्ही ओले करून एकमेकांवर घट्ट दाबा, रात्रभर वाळू द्या. सकाळपर्यंत छान चिकटतात.

उत्तर २: शाम्पूत पाणी घालायचं तर ऐन वापरताना. पाणी घालून बाटली तशीच ठेवली तर त्यातलं प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं आणि जंतू वाढू शकतात. आणि कळकळीने सांगते, साफसफाईची उरलेली लिक्विड्स एकाच बाटलीत ओतू नका. ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, तो विषारी असतो.

प्रश्नकर्ती: आभार! ट्यूब लगेच कापली, खरंच बरीच निघाली. मुदत संपलेलं सनस्क्रीन वापरू का?

उत्तर २: नको. त्याचा असर कमी झालेला असू शकतो. तिथे काटकसर करू नका.